शेवटची वाफ

हे खरं घडलेलं आहे. ज्याला थाप वाटते त्यानं फिनलंडला यावं आणि आउनेच्या तोंडावर तिला खोटारडी म्हणावं. मग बघू, धड परत जातो का!

आउने ही माझ्या सासूची धाकटी बहीण. तारीख चोवीस डिसेंबर २०२२. दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे बाहेर मिट्ट काळोख.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा रेइनो तळ्यावरच्या पातळ बर्फात बुडाला. "जाऊ नको" म्हणून ही घसा फोडत होती. पण ऐकेल तो रेइनो कसला!

आउने रडली नाही. चिडली. अंगणातल्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी त्या दिवसापासून थंड पडली. घर विकायचं आणि शहरातल्या एका खोलीत मरणाची वाट बघत बसायचं, असं तिनं ठरवलं होतं. कागद तयार होते, फक्त सही बाकी होती.

ऑक्टोबरात युक्रेनहून झोर्याना आली, सहा वर्षांच्या मिरोस्लावाला घेऊन. आउनेनं त्यांना वरची खोली दिली.

शेजारचा पेंटी लगेच नाक खुपसायला हजर. "अगं आउने, परकी माणसं घरात घेतलीस? कोण, कुठली, काही माहीत आहे का?"

"तू ओळखीचा आहेस ना? मग तीन वर्षांत एकदा तरी दार वाजवलंस? चालता हो!"

घरात पोरीचं हसू घुमू लागलं. आउने पुन्हा पाव भाजू लागली. सही लांबत गेली.

नाताळच्या आदल्या दुपारी तिनं सौना पेटवली. आमच्याकडे एक रीत आहे. घरची माणसं न्हाऊन झाली की शेवटची वाफ सौनाच्या अदृश्य राखणदारासाठी सोडायची. बादलीभर पाणी ठेवायचं, भट्टीत निखारे ठेवायचे आणि तिकडे कुणी फिरकायचं नाही. म्हातारी माणसं म्हणतात, घरातले गेलेलेही त्या वाफेला येतात.

तिघी न्हाल्या. मिरोस्लावानं विचारलं, "आजी, त्याच्यासाठी पाणी?"

आउनेचं डोकं फिरलं. "त्याला एक थेंब देणार नाही! मला टाकून गेला मेला!"

तिनं बादली उपडी केली. निखारे अजून लाल होते, तरी धुराड्याची झडप खाडकन बंद केली. दाराला कडी घातली.

निखारे विझायच्या आत झडप कधी लावायची नसते. विषारी वायू कोंडतो, त्याला ना रंग ना वास. हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण रागाला डोळे नसतात.

स्वयंपाकघरात आउने तांदळाची खीर ढवळत होती.

आणि अंगणातून आवाज आला...

चर्रर्र...

तापल्या दगडावर पाणी पडल्याचा.

झोर्याना दचकली. "मावशी, आत कोण आहे?"

बादली तर रिकामी होती.

पुन्हा... चर्रर्र...

मग भिंतीवर थाप. एक... दोन... तीन...

"आलास होय रे!" आउने कडाडली. हातात खिरीचा डाव तसाच घेऊन ती बाहेर धावली. झोर्याना मागे वळली आणि किंचाळली.

पोरीची खुर्ची रिकामी होती.

सौनाचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर मिरोस्लावा पडली होती, डोकं बाहेर बर्फावर. मुठीत आल्याचं बिस्किट. राखणदाराला काहीच ठेवलं नाही म्हणून ती पोर बिस्किट द्यायला आत गेली होती.

श्वास चालू होता.

आउनेनं वर पाहिलं. झडप पूर्ण उघडी. सहा वर्षांच्या पोरीचा हात तिथं पोचणं शक्यच नाही.

डॉक्टर म्हणाले, अजून पाच मिनिटं गेली असती तर वाचली नसती. "झडप कुणी लावली होती?"

"मी," आउने म्हणाली. "मी, माझ्या रागानं." तीन वर्षांत पहिल्यांदा ती ढसाढसा रडली.

घरी परतल्यावर दिव्याच्या उजेडात तिला दिसलं...

सौनापासून घरापर्यंत ओल्या, अनवाणी पावलांचे ठसे.

परत जाणारे नव्हते.

"रेइनो, मेल्या!" ती ओरडली. मग दिवा खाली धरून तिनं ठसे नीट पाहिले. रेइनोच्या दोन्ही पायांची बोटं थंडीनं झडलेली होती. या पावलांना पाचही बोटं होती.

विक्रीचे कागद तिनं त्याच रात्री चुलीत घातले. आम्ही सगळ्यांनी विनवलं, हे घर सोड.

"का सोडू? तीन परकी आली. त्यातल्या एकानं पोर वाचवली. आता त्याला बर्फात हाकलू?"

परवा मी गेले होते. मिरोस्लावा शाळेतलं गाणं म्हणत होती, झोर्याना हसत होती, आउने दोघींवर खेकसत होती. घर कसं भरलेलं वाटत होतं. आम्ही चौघी जेवायला बसलो. आउनेनं पाचवी वाटी मांडली.

"रोज गुपचूप खातोस," ती मोकळ्या खुर्चीवर डाफरली, "निदान नाव तरी सांग!"



खुर्ची हळूच... टेबलाजवळ सरकली.

माझा घास हातातच राहिला. आउनेनं शांतपणे खीर वाढली.