डावीकडे वळणारा आरसा

हर्षाली थांबली ती पावसामुळे. प्रेमात वगैरे पडायला ती घोटीला आलेली नव्हती, झेंडू टाकायला आली होती.

बाजारात क्रेट उतरवून ती रिकामा टेम्पो घेऊन मखमलाबादला परत निघाली, आणि श्रावणातली सर आली — ऊन डोक्यावर आणि पाणी काचेवर. टेम्पोला वायपर एकच, तोही चालेल तर चालेल. तिनं सरळ रस्त्याकडेच्या भाताच्या गिरणीत टेम्पो घातला.

शेडखाली सगळं कोंड्यानं पांढुरकं झालं होतं. पोती, वजनकाटा, कबुतरं, भिंतीवरचा गणपतीसुद्धा. आणि या सगळ्याच्या मधोमध एक लाल गाडी उभी होती. दोन दारांची, बुटकी, पोट जमिनीला टेकवून बसलेली.

तिच्यावर मात्र कोंड्याचा एक कणही नव्हता.

"विकायचीय," मागून आवाज आला.

तो इतका उंच होता की लोखंडी अँगलखालून येताना त्यानं सवयीनं मान वाकवली. केसांत कोंडा, पापण्यांवर कोंडा. म्हातारा होऊन परत तरुण झाल्यासारखा दिसत होता.

"रोज पुसता वाटतं?" हर्षालीनं विचारलं.

"नाही..." तो गाडीकडे न बघता म्हणाला, "हातसुद्धा लावत नाही."

हर्षालीच्या मानेवर काटा आला. ओल्या ओढणीमुळे आला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"आत बसून बघू?"

"बसा ना मॅडम. फक्त ती सीट जरा... म्हणजे..."

ती बसली. हर्षाली बुटकी. टेम्पो चालवायला पाठीशी उशी आणि खाली घडी घातलेलं गोणपाट लागायचं. इथं काहीच लागलं नाही. पाय क्लचवर अलगद पोचला, हात आपोआप गिअरवर पडला. माप घेऊन शिवल्यासारखी गाडी अंगाला बसली.

"याआधी कोण चालवायचं ही?"

"मीच."

तिनं त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं. "तुम्ही? इथं बसून? गुडघे काय घरी ठेवून यायचात?"

तो हसला आणि त्याचे कान लाल झाले. समर्थ नाव त्याचं. गिरणी वडिलांची, आता तोच बघायचा. हर्षालीनं पायाखालचं मॅट उचललं. खाली पत्र्याला चार मोठी भोकं पाडून नंतर बुजवलेली, शर्यतीच्या गाडीत लोखंडी पिंजरा बसवायला पाडतात तशी. दाराच्या फटीत लाल माती, वर्षानुवर्षं घट्ट बसलेली.

"ट्रॅकवर पळालीय का ही?"

"नाही." फार पटकन आलं उत्तर. "घरगुती वापर."

"घरगुती! हिच्यातून काय दळण आणायचात?"

पाऊस थांबला होता. ती मात्र बसून राहिली.

आता ही पोरगी असली गाडी का शोधत होती, ते सांगतो. मागच्या वैशाखात तिचं ठरलेलं लग्न मोडलं. कारण काय, तर मुलगी पहाटे एकटी टेम्पो घेऊन मार्केटला जाते, ही खबर मुलाकडच्यांना लागली. ज्या टेम्पोवर घर जेवतं, त्याच टेम्पोनं तिला बाद केलं. वर मामानं शहाणपण शिकवलं, "पुढच्या वेळी सांगूच नका." सांगू नका! चोरी केली होती का तिनं? मग हर्षालीनं ठरवलं, मळ्यातल्या गुलाबाच्या पैशातून अशी गाडी घ्यायची की कुणी लपवतो म्हटलं तरी लपणार नाही. लाल, आवाज करणारी, गावभर दिसणारी. ज्याला यायचं त्यानं ती बघून यावं.

"चक्कर मारू?" तिनं विचारलं.

समर्थ डाव्या सीटवर येऊन बसला. पाय दुमडून, शहाण्या मुलासारखा.

गाडी मुंढेगावच्या रस्त्याला लागली. ओली भातखाचरं दोन्हीकडून मागे पळत होती. हर्षालीनं मागचा रस्ता बघायला वर नजर टाकली, तर आरशात रस्ता नव्हताच. समर्थ होता. तिनं आरसा सरळ केला. पुढच्या वळणावर परत वर बघितलं... परत समर्थ. त्याच्या पापणीवरचा कोंडासुद्धा स्पष्ट दिसत होता.

"आरसा सैल आहे हो तुमचा."

"खंडेराव मिस्त्रीनं दोनदा आवळलाय," तो हळूच म्हणाला. "ऐकत नाही."

टक.

त्याच्या बोटाचं हाड डॅशबोर्डवर वाजलं, आणि रस्ता डावीकडे वळला. टक टक. रस्ता उजवीकडे. समोर झाडी, वळण दिसतही नव्हतं; पण त्याचं बोट आधी बोलायचं आणि रस्ता मग वळायचा. तिचे हातही विचार न करता त्या ठोक्यांवर फिरायला लागले होते. तिला त्याची भीती वाटली. आवडलंही. कुठलं जास्त, ते तिलाच ठरवता येईना.

"ठोकताय काय सारखे?"

"कोण? मी?" त्यानं स्वतःच्या बोटांकडे असं बघितलं, जसं काही ती दुसऱ्याची आहेत.

त्यानंतर ती परत गिरणीवर गेली. आणि परत. कधी टायर बघायला, कधी इंजिनाचा आवाज ऐकायला, कधी नुसतीच. घरी आई, नवसाबाई, झेंडू ओवता ओवता म्हणायची, "आगं, एक गाडी बघायला किती येळा जावं मानसानं? लगीन जमवतानाबी एवढ्या येळा बघत नाय कोनी."

"जुनी गाडी आहे आई. नीट बघून घ्यावी लागते."

"गाडी जुनी हाय. तू पावडर नवी लावतीस."

गिऱ्हाइकं तर पुष्कळ आली होती म्हणे. लासलगावचा एक कांदाव्यापारी रोकड घेऊन आला. सगळे पुरुष, सगळ्यांचे प्रश्न तेच. कुणाच्या हातात होती? किती पळालीय? कुठं ठोकलीय का? बाहेरून रंग तर काढलेला नाही ना? समर्थ हे सांगताना हसत होता. हर्षालीला हसू आलं नाही. हे प्रश्न तिनं आधी ऐकले होते. तेव्हा तिच्या हातात पोह्यांचा ट्रे होता.

"मग कुणीच का नाही घेतली?"

"सीट मागे सरकत नाही. व्यापाऱ्याचं पोट स्टिअरिंगमध्ये अडकलं." मग त्याचं हसू हळूहळू विझलं. "खंडेरावनं ग्रीस लावून सरकवली होती, अगदी शेवटपर्यंत. संध्याकाळी मी स्वतः कुलूप लावलं. सकाळी बघतो तर... परत पुढे."

कबुतरं फडफडून शेडबाहेर गेली. वारा नव्हता.

"भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"तुम्ही येता तेव्हा नाही वाटत." बोलून गेला आणि कानांपर्यंत लाल झाला.

हर्षालीनं तोंड फिरवलं. तिला सगळं आवडत होतं — त्याचं वाकून येणं, चहाची बशी दोन्ही हातांनी पुढे करणं, तिच्या टेम्पोचा वायपर न सांगता दुरुस्त करून ठेवणं. पण प्रत्येक वेळी ती एकच विचारायची. "ट्रॅकवर पळालीय का?" आणि तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "नाही." ज्याला एका गाडीबद्दल खरं बोलता येत नाही, तो उद्या माझ्याबद्दल चार लोकांत काय बोलेल? हा काटा काही निघत नव्हता.

शेवटी व्यवहार ठरला. गाडी न्यायला आली त्या दिवशी तिनं स्वतः ओवलेला झेंडूचा हार आणला, बॉनेटवर घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. समर्थ पोचवायला म्हणून डावीकडे बसला. आभाळ भरून आलेलं, दुपार असून शेडमध्ये दिवेलागणीसारखा उजेड. गाडी सुरू झाली, लिंबू फुटलं, आणि गिरणीच्या फाटकाशी येऊन इंजिन बंद पडलं.

किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. गाडीत नुसती शांतता... आणि एक वास. पेट्रोलचा नव्हे. केसांना लावायच्या चमेलीच्या तेलाचा.

हर्षालीनं केसांना तेल लावलेलं नव्हतं.

समर्थचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यालाही तो वास आला होता.

हर्षालीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. 

"शेवटचं विचारते. ही गाडी तुम्ही चालवत नव्हता. तुम्ही इथंच बसायचात, डावीकडे. वळणाआधी ठोकायचात. माझ्या जागेवर कोण बसायचं?"

बाहेर पाऊस सुरू झाला, तशी त्यानं आपल्या बाजूची काच वर केली.

"ताई," तो म्हणाला. "छायाताई."

मग ते बाहेर पडलं, अडखळत, तुटत.

"मुंगसऱ्याच्या पुढे माळावर मातीचा ट्रॅक होता. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. ताई पळवायची आणि मी वळणं सांगायचो. इंजिनाच्या आवाजात ऐकू यायचं नाही म्हणून ठोकायचो. एक म्हणजे डावं, दोन म्हणजे उजवं. मला वळणांवर मळमळायचं, तर ती आरसा माझ्याकडे वळवून ठेवायची. म्हणायची, मागं कोण येतंय ते बघून काय करायचंय, माझ्या पुढं कोणी जात नाही... तुझ्याकडे लक्ष ठेवू दे."

हर्षालीनं वर बघितलं. आरशात समर्थच होता.

"मग सटाण्याचं स्थळ आलं. कांद्याची माणसं, मोठं घर. त्यांनी विचारलं, पोरगी गाडीबिडी चालवते का? बाबा माझ्याकडे बघायला लागले. ताई पोहे घेऊन उभी होती. आणि मी... मी म्हणालो, छे, तिला गाडीची भीती वाटते. ताईनं माझ्याकडे नुसतं बघितलं."

"पुढं?"

"तिथं तिला स्कूटीलासुद्धा हात लावू दिला नाही. म्हणायचे, भिणाऱ्या बाईला कशाला लागते? दुसऱ्या वर्षी कांद्याच्या चाळीत साप चावला. पुरुष सगळे लिलावाला गेलेले. दारात दोन गाड्या उभ्या होत्या, हर्षाली. दोन. किल्ल्या कपाटात, कपाटाला कुलूप. तालुक्यात तिच्याइतकी जोरात गाडी कुणाला येत नव्हती... आणि ती ओट्यावर बसून कुणीतरी येण्याची वाट बघत राहिली."

लोक सापाला दोष देतात. साप बिचारा मुका. त्याच्याआधी किती जणांनी चावून ठेवलं होतं, त्याचा हिशोब कोणी मांडत नाही.

"मी सगळ्यांना नाही म्हणत राहिलो," समर्थ म्हणाला, "ट्रॅकची गाडी म्हटली की भाव पडतो म्हणून. खरं तर तेच जुनं खोटं चालू होतं. पळालीय ही गाडी. खूप पळालीय. माझ्या बहिणीनं पळवलीय, आणि तिला कश्शाची भीती वाटत नव्हती!"

शेवटचे शब्द तो ओरडला. मागच्या शेडमध्ये ते घुमले आणि मग तो रडायला लागला, हात मांडीवर ठेवून, पुसायचंही न सुचता.

हर्षाली आरशात बघत होती. आरशात एक हात आला. छोटासा, हिरव्या बांगड्यांचा. त्यानं समर्थच्या गालावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं, पापणीवरचा कोंडा झटकला.

हर्षालीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

तिला किंचाळता आलं नाही. किंचाळावंसं वाटलंही नाही. थोरल्या बहिणीनं धाकट्याला जवळ घेतलं, असंच काहीसं वाटलं. समर्थनं डोळे मिटून गाल त्या बाजूला कलता केला होता... त्याला तो हात तिचाच वाटला असेल, हर्षालीचा. किंवा नसेलही.

तिनं किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

ती मखमलाबादला गेलीच नाही. नाशिक ओलांडून थेट मुंगसऱ्याच्या माळावर गेली. ट्रॅकवर आता कंबरभर गवत होतं, पण वळणाचा आकार अजून कळत होता. पाऊस उघडला होता. बॉनेटवरचा हार वाऱ्यानं अर्धा उधळून गेला होता.

"ठोक," ती म्हणाली.

"काय?"

"वळणं सांग. मला इथलं काही माहीत नाही."

टक टक. टक. टक टक. लाल माती उडाली, गवत दुभंगलं आणि ती मोठ्यांदा हसली. तीन फेऱ्या झाल्यावर माळाच्या टोकाला तिनं गाडी उभी केली. खाली गंगापूर धरणाचं पाणी करड्या पत्र्यासारखं पसरलेलं.

"मला ‘तू’ म्हणालीस," समर्थ म्हणाला.

"तू आधी हर्षाली म्हणालास. मॅडम कुठं गेली?"

"हर्षाली..." त्यानं श्वास घेतला. "घरी बघायला येऊ?"

"ये. पण प्रश्न मी विचारणार. पोहे तू करायचे. आणि माझं एक ठरलेलं लग्न मोडलंय, मी पहाटे टेम्पो चालवते, रागावले की भांडी आपटते. तुझ्या बाबांना हे तू सांगायचं. सगळ्यांसमोर. मोठ्यानं."

"टेम्पोचं आधी सांगतो," तो म्हणाला. "त्याच्याच प्रेमात पडलो ना मी. त्याच्यात बसलेल्या बाईच्या म्हणजे... दोघांच्या."

चमेलीचा वास केव्हाच गेला होता. हर्षालीनं वर बघितलं. आरशात मागचा रस्ता होता. सरळ, रिकामा, ओल्या मातीवर त्यांच्याच चाकांच्या खुणा. आरसा हलवून बघितला, घट्ट होता. आता तो आपण होऊन कुठेच वळणार नव्हता.

तिला उगाच एकटं वाटलं. क्षणभरच.

मग तिनं हात वर केला, आणि आरसा स्वतःच डावीकडे वळवला.