पंधरा मिनिटांची ट्रायल

घड्याळाचा सेल घ्यायला तो दुकानात शिरला आणि काउंटरवरच्या मुलीशी बोलता बोलता रस्ता दाखवणारं यंत्र बघायला थांबला. दूध काढायच्या यंत्रांचा तो मेकॅनिक. सहा महिन्यांसाठी परदेशी निघालेला, डोंगरातल्या गोठ्यांवर. तिथे मोबाइलला रेंज कुठली? त्या देशाचेही नकाशे आत भरलेलं यंत्रच हवं, हे तिनेच त्याला पटवलं आणि आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

दुकान तिच्या मामाचं, नियमही मामाचा. यंत्र गिऱ्हाइकाच्या गाडीत लावायचं, विकणाऱ्याने शेजारी बसायचं, पंधरा मिनिटांची ट्रायल घ्यायची, मगच बिल.

पहिल्या दिवशीच्या यंत्रात एका बाप्याचा घोगरा आवाज होता. सांगेल तिकडे वळत ते बरोबर पंधरा मिनिटांत परत आले. उतरताना तो तिच्याकडे बघून नुसता हसला... आणि ते हसू तिला रात्रभर पुरलं.

दुसऱ्या दिवशीच्या यंत्रात ती बया होती. मधाळ, शांत आवाजाची. "तीनशे मीटरवर उजवीकडे वळा," म्हणाली की हा हमखास सरळ जायचा. मग ती पुन्हा न कंटाळता, "नवा मार्ग शोधत आहे." चाळीस मिनिटं हाच खेळ. "किती गोड बोलते, नाही? चुकलो तरी चिडत नाही," असं वर कौतुक. हिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस घसा कोरडा करून यंत्रं समजावली हिने, आणि कानामागून आली ती तिखट झाली!

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, तो आला आणि पुन्हा तेच यंत्र मागितलं. सोमवारी त्याचं विमान. आता सहा महिने ती बया त्याच्या शेजारी असणार, आणि आपण इथे सेल विकत बसणार. नुसत्या विचाराने तिचा जीव जळला. गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

त्याने पाचवं वळण चुकवलं.

"नवा मार्ग शोधत आहे."

"बघा, आजही चिडली नाही," तो म्हणाला.

"ती कशाला चिडेल?" तिच्या तोंडून निघूनच गेलं. "तुम्ही चुकलात काय, हरवलात काय, तिला काय पडलंय तुमचं?"

त्याने गाडी कडेला घेतली. तिचे कान लाल झाले होते. बोलून बसले खरं, आता कुठे तोंड लपवायचं...

"आणि... तुम्हाला पडलंय?" त्याने हळूच विचारलं.

"मी ट्रायलबद्दल बोलत होते."

"पहिल्या दिवशी सरळ आलो," तो म्हणाला, "तर पंधरा मिनिटांत तुम्ही उतरून गेलात. तेव्हाच ठरवलं, यापुढे सरळ यायचं नाही. तिचा आवाज कसा आहे ते देवाला ठाऊक — माझं लक्ष होतं कुठे?"

हात पुढे करून तिने यंत्र बंद केलं. मग दुकानापर्यंतचा रस्ता तिनेच सांगितला, आणि तोही बराच लांबचा.

दारात मामा घड्याळ बघत उभा होता. एवढ्या वेळात तुझं गिऱ्हाईक विमानाशिवाय तिकडे पोहोचलं असतं, एवढंच म्हणून तो आत गेला.

तिने खोकं बांधलं, बिल केलं. त्याने खोक्यावरचं यंत्राचं नाव वाचलं आणि हसू दाबलं. आत घोगऱ्या आवाजाचा बाप्या होता.

"हा तर खेकसेल माझ्यावर."

"खेकसू दे," ती म्हणाली. "तिकडे हवी तेवढी वळणं चुकवा. पण सहा महिन्यांनी..." तिने खोकं त्याच्याकडे सरकवलं. "सहा महिन्यांनी मात्र सरळ यायचं."