रिकाम्या खाटेवरची लाट

जेवणाचा डबा धुऊन ठेवला आणि सादिका मेंदूच्या लहरी टिपायचं मशीन ढकलत आयसीयूत गेली. चिंचवडच्या त्या खासगी दवाखान्यात हे तिचं रोजचंच काम. खाटेवर ज्योतीराम होता, चाकणच्या कंपनीत डोक्याला मार लागल्यापासून श्वासाच्या यंत्रावर. पायथ्याशी त्याची बायको कौशल्याबाई.

एमआरआय झाला होता. पण एमआरआय म्हणजे घराचा फोटो. घरात कोणी आहे का, हे त्यातून कुठलं कळायला? मेंदूतली एक पेशी विजेच्या बारीक झटक्याने जागी होते, टोकाशी रसायनाचा थेंबभर शिडकावा करते आणि शेजारच्या पेशीला निरोप पोचतो. असे लाखो निरोप एका तालात निघाले की सादिकाच्या पडद्यावर लाट उमटते. आज लाट दिसली नाही, तर श्वासाचं यंत्र काढायची बोलणी सुरू होणार होती.

तिने डोक्यावर तारा चिकटवल्या. खोलीतल्या विजेची खरखर वेगळी कळावी म्हणून नेहमीप्रमाणे दोन तारा हातावरही लावल्या. पेशंट बेशुद्ध असला तरी त्याच्याशी बोलायची तिला खोडच होती.

"डोळे मिटा."

माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूने संथ लाट निघते; उघडले की मोडते. डोक्याच्या साऱ्या रेघा सपाट राहिल्या. लाट आली ती हाताच्या रेघेवर.

"उघडा."

लाट मोडली.

हाताला कुठे मेंदू असतो! तिने हातावरच्या तारा काढून शेजारच्या रिकाम्या खाटेवर टाकल्या. फिनाईलच्या वासात आता कसलातरी कुबट, ओला वास मिसळला होता.

"डोळे… मिटा."

लाट आली. गादीवर कोणी नव्हतं.

कौशल्याबाई पडद्याकडे बघत धडपडत उठली. "ताई, हालतंय की! हे आमचंच मालक हायत ना?"

"थांबा…" सादिका रिकाम्या खाटेकडे वळली. "तुम्ही ज्योतीरामभाऊ असाल… तर डोळे उघडा."

लाट तशीच राहिली.

"उघडा," ती नुसतं म्हणाली. लाट त्याच क्षणी मोडली.

सादिका भयंकर घाबरली. पण कौशल्याबाईला काय त्याचं! तिने खाटेवरच्या तारा उचलल्या आणि नवऱ्याच्या कपाळावर दाबून धरल्या. "आत या वो… या आत."

तिचा हात धरायला हवा होता. त्या बाईच्या तोंडाकडे बघून सादिकाला ते जमलं नाही. डोक्याच्या साऱ्या रेघा एकदम उसळल्या.

ज्योतीराम शुद्धीवर आला. नातेवाइकांनी पेढे वाटले, डॉक्टरांनी हात जोडले. पुढे महिन्याभराने कौशल्याबाई एकटीच आली आणि मशीनच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"कसे आहेत?" सादिकाने विचारलं.

"चालत्यात, जेवत्यात. ग्वाड बोलत्यात." तिने मागे वळून पाहिलं, आवाज खाली आणला. "काल माझा हात धरून म्हनले… 'तुमचा मालक रोज दाराशी येतोय. त्याला आत घेऊ नका.'"

सादिकाने तिला आत ओढून खुर्चीवर बसवलं.

"आन् ताई," कौशल्याबाईला रडू आवरेना, "कडी तर रोज वाजती वो…"