चिमणीचं काळीज

चढाच्या मधोमध माझी चिमणी थांबली, ती थांबलीच.

चिमणी म्हणजे आमची छोटी गाडी. कधीकाळी पांढरी होती. बॉनेटमधून वाफ निघतेय, मागे हॉर्नवर हॉर्न, आणि मी स्टिअरिंग घट्ट धरून नुसती बसलेली… तेवढ्यात एका तरुणाने काचेवर टकटक केली.

"रडून झालं असेल तर हँडब्रेक हळू सोडा. मागे उतरवू या. खालीच गॅरेज आहे माझं."

"मी रडत नाहीये."

"बरं. मग वाफ गेली असेल डोळ्यांत."

मी ब्रेक सोडत गेले, तो मागून खांद्याने रेटा देत गाडी तोलत राहिला. खाली पोचल्यावर घाम पुसत म्हणाला, "गिऱ्हाईक असं घसरत दारात आलेलं पहिल्यांदाच बघतोय."

मला हसायचं नव्हतं. हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मात्र तो हसला नाही. "इंजिनच्या ब्लॉकला चीर गेलीय. हे आता दुरुस्त व्हायचं नाही, दुसरंच बसवावं लागेल." आणि मग एकदम डोळे चमकले त्याचे. "पण ऐका ना! याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं इंजिन हिच्यात बसतं. थोडे माउंटिंग बदलायचे, ब्रेक जरा दमदार घालायचे… याच चढावरून उडत जाईल तुमची चिमणी!"

"आवाज कसा असतो त्याचा?"

"वाघासारखा!"

"मग नको."

त्याचं तोंड असं उतरलं, की मला सांगावंच लागलं. बाबांना आता सगळं धूसर दिसतं. पण संध्याकाळी मी कोपऱ्यावर वळले, की चिमणीचा आवाज ऐकून ते काठी टेकत दारात येऊन उभे राहतात. दिवसभरात तेवढी एकच गोष्ट ते कुणाला न विचारता, कुणाचा हात न धरता करतात.

"वाघ आला तर… ते येतील का हो दारात?"

तो बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. आधीच पुसलेले हात.

"चिमणीच शोधू," म्हणाला.

मग सुरू झाले आमचे रविवार. गावाबाहेर अपघातातल्या गाड्यांचं आवार होतं. मागून ठोकलेल्या, पाठ मोडलेल्या, पण काळीज शाबूत असलेल्या गाड्या. तो बॅटरी जोडून इंजिन सुरू करायचा, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याला लावायचा आणि मूठ माझ्या कानाशी धरायचा.

"डोळे मिटा."

"कशाला?"

"तुमच्या नाही, बाबांच्या कानांनी ऐकायचंय."

मी डोळे मिटायचे. मुठीतून धडधड थेट कानात उतरायची. ती सगळीच इंजिनची होती, असं मी म्हणणार नाही.

"हे खोकतंय."

"टॅपेट सैल आहेत."

"आणि हे? घशात काहीतरी अडकल्यासारखं…"

"माझ्या की इंजिनच्या?"

"गप्प बसा हो!"

एकदा वाऱ्याने माझे केस पंख्याच्या पट्ट्याकडे उडाले. त्याने पटकन ते मुठीत गोळा केले. मानेवर ग्रीसचा काळा डाग उमटला. घरी जाऊन मी तो धुतला… नीट नाही धुतला.

तिसऱ्या रविवारी एका हिरव्या गाडीपाशी मी डोळे उघडून ओरडलेच, "हीच!"

"तपासावं लागेल," तो घाईने म्हणाला. "तोवर आणखी बघत राहू."

बघत राहिलो. इकडे मी रोज बसने घरी यायचे, बेल वाजवायचे. बाबा खुर्चीतूनच विचारायचे, "आलीस? कळलंच नाही गं." ते 'कळलंच नाही' मला टोचायचं.

शेवटी ते हिरव्या गाडीचंच इंजिन बसलं. पहिल्या फेरीला मी त्याला शेजारी बसवलं. चढ पार झाला आणि तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एक सांगायचंय. हे इंजिन मी त्याच दिवशी तपासलं होतं. ठणठणीत होतं."

"मग एवढे रविवार…?"

"तुम्हाला ऐकताना बघायचं होतं."

"मी तर डोळे मिटून असायचे."

"म्हणून तर बघता यायचं."

गाल तापले. पण दुसऱ्याच क्षणी ती खुर्ची आठवली. "आणि तिकडे माझे बाबा आत बसून राहिले, त्याचं काय?"

त्याने मान खाली घातली. "म्हणूनच आज सांगितलं. लपवून तुमच्या दारात यायचं नव्हतं. रागवा हवं तर."

मी रागावलेच. घराचा कोपरा येईपर्यंत नजर रस्त्यावरून हलवली नाही. वळले. हॉर्न दिला नाही. दार बंदच होतं. गाडी थांबवली…

आणि दार उघडलं. आधी काठी, मग बाबा.

"आलीस?"

मी धावत गेले. "बाबा! चिमणीचा आवाज ओळखलात!"

"आवाज कसला? इंजिन दुसरं आहे हे. जरा तरुण वाटतं." बाबा मिश्कील हसले. "पण या कोपऱ्यावर दुसरा गियर इतका उशिरा टाकणारी जगात एकच आहे."

मी मागे वळून बघितलं. तो एक पाय गाडीबाहेर ठेवून तसाच थिजला होता. म्हणजे वाघ घातला असता तरी… म्हणजे ते सगळे रविवार…! माझा राग कुठे सांडला कोण जाणे, मी हसतच सुटले. तोही हसत उतरला आणि झोपलेल्या बाळाच्या खोलीचं लावावं तसं गाडीचं दार लावलं.

बाबांनी मान कलती केली.

"आणि इतक्या हळू दार लावणारं हे कोण?"

"मी… काका, ते…" वाघाच्या गोष्टी करणाऱ्याची पार बोबडी वळली.

"हे चिमणीचे डॉक्टर," मी म्हटलं. "येत्या रविवारीही येणार आहेत."

"का? परत बिघडणार आहे का ती?"

मी त्याच्याकडे बघितलं. या वेळी डोळे उघडे ठेवून.

"नाही बाबा," मी म्हणाले. "आता बिघडायची गरज नाही."