नळाखालची वाटी

बातमी आली तो साधा गुरुवार होता. राजेंद्र कंपनीत जायच्या आधी नळाचं सामान घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात थांबला होता. स्वयंपाकघरातला नळ एका दांडीचा होता, दांडी वर उचलली की पाणी, खाली दाबली की बंद. तो महिनाभर गळत होता. दुकानदार गुजरातीत म्हणाला, "साहेब, आखो नळ ज बदली नाखो ने." राजेंद्र म्हणाला, "अख्खा कशाला बदलायचा? नळ चांगला आहे हो. आतलं कार्ट्रिज गेलंय, तेवढंच द्या." दुकानदारानं डब्यातून तो अंगठ्याएवढा तुकडा काढून दिला. तेवढ्यात सुनीताचा, राजेंद्रच्या बायकोचा, हॉस्पिटलातून फोन आला.

"अहो, आई गेल्या."

राजेंद्रनं कार्ट्रिज खिशात घातलं आणि गाडीला किक मारली.

"काका, तुम्ही भुताची गोष्ट सांगणार होता," लखन मधेच म्हणाला. "ही तर प्लंबरची निघाली."

"कंटाळा आला असेल तर खाली जा. जिन्यात अंधार आहे, जपून जा."

बाकीचे हसले. लखन बसून राहिला.

लाइट गेली होती, म्हणून दमणगंगेकाठच्या डोकमर्डीतल्या त्या बिल्डिंगमधली पोरं गच्चीवर चटया टाकून बसली होती. सगळी धाग्याच्या कंपनीत कामाला, कुणी शिरपूरचा, कुणी साक्रीचा. सांगणारे नवनाथकाका त्याच कंपनीच्या स्टोअरमधून रिटायर झालेले. ते तिसऱ्या मजल्यावर राहत, आणि राजेंद्र त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. त्या दाराला आता कुलूप असतं, हे पोरांना ठाऊक होतं. का असतं, ते ठाऊक नव्हतं.

काका पुढे सांगू लागले.

राजेंद्रची आई, शैलजाबाई. नाशिकला शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, जिभेला धार असलेल्या. किडन्या निकामी झाल्या तेव्हा राजेंद्रनं त्यांना इकडे आणलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टरांनी पाणी तोडलं होतं. दिवसाला जेमतेम तीन पेले, त्यात चहा आला, वरण आलं, गोळीबरोबरचा घोटही आला. जास्त झालं की पाणी छातीत साचायचं आणि श्वास अडकायचा.

"राजू, एक घोट दे रे."

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"त्याला सांगायला काय जातंय? तो पाण्याची बाटली टेबलावर ठेवून सांगतो."

माठ गेला, बाटल्या कपाटात कुलपात गेल्या. बाथरूमला बोअरचं पाणी, इतकं खारट की तोंडात धरवत नाही. गोडं पाणी तेवढं स्वयंपाकघरातल्या नळाला. म्हातारी रात्री उठून तिथे जायची. मग राजेंद्रनं युक्ती काढली. त्या दांडीच्या मागे एक बारीक स्क्रू असतो. तो सैल केला की दांडी हातात येते. झोपताना तो दांडी काढायचा आणि उशाखाली ठेवायचा.

"तिच्या भल्यासाठीच करत होता," काका म्हणाले. "हे विसरू नका."

पण नळ गळत होता. बुधवारी रात्री राजेंद्रला आवाजानं जाग आली. दगडी ओट्यावर स्टील घासल्याचा आवाज. हळू, कुणी उठू नये अशा बेतानं. आई अंधारात ओट्याशी उभी होती. तिनं नळाखाली वाटी सरकवली होती आणि ती थेंबाची वाट बघत होती. टप. मग बराच वेळ काही नाही. टप. वाटीत चमचाभर पाणी जमलं होतं. राजेंद्रनं वाटी उचलली आणि तिच्यासमोर सिंकमध्ये ओतली.

आई रिकाम्या वाटीकडे बघत राहिली, मग जाऊन झोपली.

सकाळी सुनीता तिला डायलिसिसला घेऊन गेली आणि राजेंद्र कार्ट्रिज आणायला गेला. हॉस्पिटलात तो पोचला तेव्हा तोंडात पाणी घालायचीही वेळ निघून गेली होती.

"काही बोलली का?" त्यानं विचारलं.

"ओठ हलले," सुनीता म्हणाली. "मला वाटलं, तेच मागतायत."

गच्चीवर स्वप्नीलनं तंबाखू मळायला घेतली होती, ती तळहातावर तशीच राहिली.

जिथे आईची खाट होती तिथे दिवा लावला, शेजारी रीतीप्रमाणे पाण्याचा पेला ठेवला. घरात सुतक. राजेंद्रनं दांडी पुन्हा बसवून दिली, पण कार्ट्रिज बदलायचं त्याच्या मनात आलं नाही. नळ रात्रभर टपटपत राही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुनीता म्हणाली, "अहो, नळ रात्रभर गळतो ना?"

"गळतो. मी जागाच असतो."

"मग सकाळी सिंक कोरडं कसं? ओलसुद्धा नाही."

"उन्हाळा आहे," राजेंद्र म्हणाला.

त्यानंतर तो स्वतः पहाटे उठून बघू लागला. दिव्यापाशी ठेवलेला पेला जसाच्या तसा भरलेला असे. सिंकमध्ये बोट फिरवलं तर धूळ लागे. पुढे हे काकांना सांगताना तो म्हणाला होता, "समोर ठेवलेलं ती घेत नव्हती, काका. तिला चोरून प्यायची सवय झाली होती. आणि ती मीच लावली."

नववा दिवस शुक्रवारी आला. वैशाखातला शुक्रवार, वारा पडलेला. दुसऱ्या दिवशी दमणगंगेवर दहावा होता, नाशिकची मंडळी पहाटे पोचणार होती. जेवणं झाल्यावर सुनीता म्हणाली, "तेवढी टपटप आज बंद करा. मला आता ऐकवत नाही." ती त्यांच्या छोट्या मुलीला, भक्तीला, घेऊन आतल्या खोलीत गेली.

राजेंद्रनं पाना काढला. सिंकखालचा कॉक गंजून जाम झालेला, फिरेना. म्हणून तो गच्चीवर आला. इथेच. टाकीखाली प्रत्येक फ्लॅटच्या लाइनीला वेगळा कॉक आहे. आपला कॉक त्यानं बंद केला, खाली गेला, दांडी उचलली. पाणी धो धो आलं, बारीक झालं, थांबलं. त्यानं दांडी काढली. खालची गोल चकती फिरवून काढली. जुनं कार्ट्रिज ओढून बाहेर काढलं. आता नळ म्हणजे नुसतं उघडं भोक राहिलं होतं.

नवं कार्ट्रिज त्यानं हातात घेतलं, आणि लाइट गेली.

फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. आईसाठी लावलेल्या दिव्याचा उजेड स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येत होता, ओट्यापर्यंत पोचत नव्हता. येईल लाइट, म्हणून तो तसाच उभा राहिला.

ओट्यावर स्टील घासलं.

हळू. कुणी उठू नये अशा बेतानं.

"सुनीता?"

"काय हो?" आवाज आतल्या खोलीतून आला. लांबून.

त्याच्या कोपराजवळून काहीतरी सरकलं आणि नळाखाली जाऊन थांबलं. वाटी. त्याला दिसत नव्हती, पण ती वाटीच होती. मग शांतता. कुणीतरी वाट बघत होतं.

थेंब पडला नाही. पडणार कुठून? लाइन त्यानंच बंद केली होती.

वाटी जराशी पुढे सरकली. थांबली... मागे सरकली. थांबली...

मग पेला. मग पातेलं. मांडणीवरून एकेक भांडं उतरत होतं, नळाखाली येत होतं, आणि रिकामं बाजूला जात होतं. आता हळूपणा राहिला नव्हता. भांडी एकमेकांवर आपटत होती.

"अहो, काय शोधताय?" सुनीतानं आतून विचारलं.



मग भांडी थांबली.

उकाड्यानं तो घामाघूम झाला होता. हनुवटीवरून घाम गळत होता, मनगटावरून ओघळत होता. त्याला ऐकू आलं, त्याचा घाम ओट्यावर पडत होता.

टप.

अंधारात काहीतरी त्याच्याकडे वळलं.

टप.

उजव्या हाताच्या मागच्या बाजूला काहीतरी टेकलं. कोरडं. खरखरीत. भेगा पडलेलं... ते हातावरून जरासं फिरलं, मनगटापाशी थांबलं... आणि घाम टिपू लागलं. सावकाश. एक थेंबही वाया जाऊ नये असं...

त्यानं हात ओढला नाही. ओढवेना. डोळे मिटून उभा राहिला. ते दुसऱ्या हाताकडे गेलं तेव्हा पाय सुटले आणि तो धावला.

धावला तो बाहेर नाही, वर. हे त्यानं काकांना पुन्हा पुन्हा सांगितलं. तिला काय हवंय ते त्याला कळलं होतं. गच्चीवर जायचं आणि कॉक फिरवायचा. एवढंच करायचं होतं.

तो टाकीपाशी आला. कॉकवर हात ठेवला. आणि त्याला पाइपातून आवाज आला.

रिकाम्या पाइपातून खालच्या टोकाला कुणीतरी हवा ओढत होतं. एक लांब ओढ... मग थांबणं... मग आणखी जोरात. हाताखालचा पाइप थरथरत होता. ओढ वर वर येत होती.

त्यानं हात काढून घेतला.

थोड्या वेळानं त्यानं नवनाथकाकांचं दार वाजवलं. कडेवर भक्ती, मागे सुनीता, चप्पल कुणाच्याच पायात नाही. पोर अर्धवट झोपेत पाणी मागत होती. काकांनी तिला पेला दिला. राजेंद्र तो पेला रिकामा होईपर्यंत बघत होता, आणि तिनं आणखी मागितलं तसा भिंतीला टेकून खाली बसला.

सकाळी ते दहाव्याला गेले, तिथूनच नाशिकला. सामान नंतर सुनीताच्या भावानं नेलं. भांडी त्यानं तिथेच ठेवली.

काका थांबले. खाली रस्त्यावरून शिफ्टची बस गेली.

"पुढे भेटला का कधी?" स्वप्नीलनं विचारलं.

"भेटला. मागल्या दिवाळीत नाशिकला त्याच्या घरी गेलो होतो. त्यानं उजवा हात दाखवला. मागच्या बाजूला सुपारीएवढा पांढरा डाग. कातडी फुटलेली, तापात ओठ फुटतात ना, तशी. डॉक्टर झाले, मलमं झाली. तो हात माझ्यासमोर नळाखाली धरला. सगळा हात ओला झाला. तेवढी जागा कोरडीच. पाणी पडत होतं, पोरांनो, मी बघत होतो. तिथे पडलेलं पाणी ओघळतच नव्हतं."



"आणि कॉक?" लखननं हळूच विचारलं.

काकांनी टाकीकडे बघितलं नाही.

"त्या रात्री त्यानं तो उघडला नाही," ते म्हणाले. "नंतर आम्हीही कुणी उघडलेला नाही."