बांधीतली मोकळी जागा

२०१२ च्या सप्टेंबरात रश्मी धानाची मापं घ्यायला दवनीवाडा गावात येऊन राहिली होती. नागपूरला ती कॉम्प्युटरवर रोप वाढवायचं काम शिकत होती. शेतातल्या रोपाचं पान न् पान मोजायचं, ते किती कललंय ते टिपायचं. आकडे लॅपटॉपला दिले की पडद्यावर तसंच रोप उभं राहायचं. चारी बाजूंनी फिरवून बघता यायचं आणि पुढं ते दिवसागणिक कसं वाढेल तेही दिसायचं.

खोली शामकलाबाईंच्या घरात होती. म्हातारी एकटीच राहायची. घराच्या मागच्या दाराला लागून धुरा, म्हणजे शेताचा बांध, धुऱ्यापलीकडं तिची धानाची बांधी; रश्मी तिथलीच मापं घ्यायची. पंधरा दिवसांत दोघींमध्ये जेवणापुरतं बोलणं झालं असेल. कुणाचा तरी आवाज कानावर पडावा म्हणून रश्मी आपली मापं स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवायची.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं. चिखलाचा, निसवत्या, लोंब्या फुटत्या धानाचा वास खिडकीतून आत येत होता. रश्मीनं पहिल्यांदाच सगळी बांधी पडद्यावर उभी केली. मधोमध जागा सुटली होती. तिथली पानं मागं वळलेली, कुणाला तरी वाट दिल्यासारखी. तिनं आकडे तपासले, बरोबर होते. बांधीत जाऊन पाहिलं, तर तिथं धान दाट, पानाला पान लागलेलं.

परत येऊन तिनं चित्र वरून पाहिलं आणि तिचा हात थांबला.

मोकळ्या जागेला आकार होता. दोन पावलं. वाकलेली पाठ. चिखलाकडं गेलेला एक हात.

"हे आमची बांधी होय?" शामकलाबाई मागं कधी येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलंच नव्हतं.

"हो मावशी... काहीतरी चुकलंय माझं."

बाई पडद्याजवळ वाकल्या. "डावा पाय असाच वाकडा टाके माही सुमन..."

"सुमन कोण?"

"पोरगी माही. धानाच्या रोवण्यात वीज पडली तिच्यावर. अकरा वर्सं झाली. अर्धी बांधी रोवाची राहली होती."

रश्मी लॅपटॉप मिटायला गेली. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"कायले बंद करतं? पुढं दाखव ना... एकलीच आहे थे तिथं."

पंधरा दिवसांत म्हातारीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. रश्मीला नाही म्हणवेना.

तिनं एक दिवस पुढं नेला. जागा एक ओळ मागं सरकली, रोवणारी बाई सरकते तशी, घराकडं पाठ करून. आणखी एक दिवस. आणखी एक ओळ. शेवटच्या दिवशी ती धुऱ्याला लागली. पाठ सरळ झाली होती. पावलं घराकडं वळली होती.

"पुढं?"

"पुढं धानच नाही, मावशी," रश्मी म्हणाली. "पानं असली तरच दिसतं... कुठं आहे ते."

शामकलाबाई हळूच वळून आत गेल्या. मागच्या दाराची कडी वाजली.

रश्मी पडद्याकडं बघत बसून राहिली. दूर कुठंतरी गडगडलं. मग आतून बाईंचा आवाज आला, अगदी खालचा, लाडाचा.

"पाय धू आधी... किती चिखल भरला वं माय."

मागच्या दारी पाणी ओतल्याचा आवाज झाला. क्षणभर थांबला. मग, दुसरा पाय पुढं केल्यावर व्हावा तसा, पुन्हा एकदा.