कागदात नसलेला शब्द

नऊवारी नेसायला मला अकरा मिनिटं लागतात, टिकली काढायला एक सेकंद. मग मी भैरवी उरत नाही, चिमणाबाई होते, आणि नववीच्या पोरांना चाळीस मिनिटं १८९९ सालच्या प्लेगची हकीकत सांगते. शेवटी पोरं प्रश्न विचारतात. आधी चिमणाबाई म्हणून उत्तरं द्यायची, मग डोक्यावरचा पदर खाली घेऊन इतिहासाची प्राध्यापक म्हणून. याला कुणी नाटक म्हटलं की माझं डोकं फिरतं. नाटकात मनाला येईल ते बोलता येतं. माझ्या संहितेत प्रत्येक वाक्यासमोर, समासात, कागदाचा क्रमांक आहे.

कागद तीनच, मोडी लिपीतले. ते सापडायला आणि त्यांचं अक्षर लागायला माझी चार वर्षं गेली. पहिल्यात तिची नेमणूक आहे: गावाबाहेर प्लेगच्या झोपड्यांत रोग्यांची शुश्रूषा करायला चिमणाबाई, वय सव्वीस, विधवा, पदरी एक मुलगी, वर्षे चार. दुसऱ्यात तिने दोन घोंगडी मागितली आहेत. तिसऱ्यात एकच ओळ, ‘पन्हाळ्याच्या वाटेवरील झोपड्यांस गेली ती आली नाही.’ संपलं. मुलीचं नावसुद्धा नाही.

या एका ओळीवर प्रयोग संपवायचा कसा? म्हणून मी शेवटी दाराकडे जाते, वळते आणि मुलीला म्हणते, “येते गं.” घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हे आपल्याकडे बोलायच्या आधी शिकवतात. चिमणाबाईही तेच म्हणाली असणार. पण त्या शब्दासमोर माझा समास कोरा होता. सबंध प्रयोगात तेवढाच शब्द माझ्या पदरचा. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हातकणंगल्याच्या शाळेत पहिल्यांदा उत्तर आलं. मी “येते गं” म्हटलं आणि हॉलच्या पार मागून बारीक आवाज आला, “ये.”

एवढंसं पोर असावं. शेजारी बालवाडी होती, आलं असेल शिरून, असं म्हणून मी सोडून दिलं. नृसिंहवाडीला पुन्हा तोच आवाज आला, पण हॉलच्या मध्यातून. तिथे जवळपास बालवाडी नव्हती.

अभिराम, माझा नवरा, प्रत्येक प्रयोग मोबाइलवर घेतो. मी दोन्ही चित्रफिती लावून बसले. तो आवाज त्यांत नव्हता. मला हायसं वाटलं, आणि मग नृसिंहवाडीच्या चित्रफितीत मुलींच्या रांगा दिसल्या. “येते गं” झाल्यावर पाचव्या रांगेतल्या एका मुलीने गुडघे बाजूला घेतले. मग तिच्या शेजारणीने. मग पुढचीने. मधून कुणी वाट काढत जात असेल तर आपण घेतो तसे. एकीनेही मान वर केली नव्हती.

“डास असतील,” अभिराम म्हणाला.

“ओळीने चावतात होय?”

मला भीती वाटली, खरं सांगते. पण भ्यायले म्हणून कागद बाजूला ठेवणारी मी नाही. पन्हाळ्याचा प्रयोग ठरला होता, तो केला.

तिथे “ये” पहिल्या रांगेतून आलं.

प्रयोग झाल्यावर मी साडी बदलत होते, तेव्हा शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बनाबाई चहा घेऊन आल्या. सगळा प्रयोग त्यांनी दारात उभं राहून बघितला होता.

“बाई, राग मानू नगासा. ती परत आली का न्हाय?”

“आली नाही एवढंच कागदात आहे.”

“मग तिच्या तोंडात येते कशाला घालतासा?” त्यांनी कप जरा आपटूनच ठेवला. “आई येते म्हणून गेली की पोरगं उंबरा सोडत न्हाय. तुमी गावोगाव जाऊन तेच सांगतासा. जाते म्हणून सांगा की एकदा. सुटंल बिचारी.”

बिचारी कोण, हे मी विचारलं नाही. चहा तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात, शाळांसाठी प्रयोग निवडणाऱ्या समितीसमोर प्रयोग होता. समितीला पटलं तर चिमणाबाई जिल्ह्यातल्या दीडशे शाळांत जाणार. नाही पटलं तर पुन्हा कपाटात, फडक्यात बांधून. समितीचे अध्यक्ष यज्ञेश्वर सर म्हणजे कागदाशिवाय सूर्य उगवला असंही न मानणारा माणूस. त्यांनी संहिता वाचून मला बोलावून घेतलं.

“भैरवीबाई, शेवटच्या शब्दाला क्रमांक नाही.”

चोर पकडला गेला. मी मान्य केलं.

“तिसऱ्या कागदात ‘गेली’ आहे ना? मग तुम्ही ‘जाते’ म्हणा. त्याला क्रमांक देता येतो. ‘येते’ राहिलं तर मी सही करणार नाही.”

बनाबाई आणि सर एकाच शब्दावर येऊन थांबले होते. मी समासात ‘कागद तीन’ लिहिलं आणि घरी आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं, “जाते गं.”

“भैरवी!” अभिराम आतून ओरडला. “सराव म्हणूनसुद्धा बोलू नकोस तसलं.”

मी आणखी तीनदा म्हटलं. शब्द जिभेवर बसायलाच हवा होता. त्या पोरीला माझ्या तोंडून एकशेवीस वर्षांनी खोटी आशा लागली असेल, तर ती मीच तोडायला हवी होती. आणि मला माझ्या दीडशे शाळा हव्या होत्या. दोन्ही खरं आहे.

सकाळी अकराचा प्रयोग. सभागृहात लख्ख उजेड, वर पंखे गरगरत होते. पहिल्या रांगेत समितीचे सहा जण, त्यांच्या मागे शहरातले शिक्षक. चाळीस मिनिटांत मी एकदाही अडखळले नाही. घोंगड्यांच्या अर्जाला तर मागच्या शिक्षिका डोळे पुसत होत्या.

मी दाराकडे गेले. वळले.

मी अजून शेवटचा शब्द उच्चारला नव्हता, पण पहिल्या रांगेत एका सभासदाने गुडघे बाजूला घेतले. मग दुसऱ्याने. शेवटी यज्ञेश्वर सरांनी मांडीवरची फाइल उचलली, पाय आत ओढले आणि पुन्हा फाइल ठेवली. नजर माझ्यावरच होती.

‘येते’ म्हणणं किती सोपं होतं.

“जाते गं,” मी म्हटलं.

“ये” आलं नाही.

मी मनात दहा अंक मोजले. नाहीच आलं. सुटली, मला वाटलं, आणि डोळे भरून आले.

मग अगदी जवळून, माझ्या कमरेच्या उंचीवरून, आवाज आला.

“मग मी बी येते.”

टाळ्या सुरू झाल्या. मी पदर खाली घेतला, प्रश्नांना उत्तरं दिली, एकही साल चुकलं नाही. समितीने तिथेच होकार दिला. सरांनी संहितेच्या शेवटच्या पानावर सही केली आणि म्हणाले, “आता एकही शब्द कागदाबाहेर नाही. सोमवारपासून सुरू करा.”

“करते,” मी म्हटलं. आणि करणार आहे. दीडशेच्या दीडशे.

ते मला पोचवायला बाजूच्या दारापर्यंत आले. दार जड होतं, त्यांनी ते धरून ठेवलं. मी बाहेर पडले, दोन पायऱ्या उतरले, तरी दार मिटल्याचा आवाज आला नाही.

“सावकाश उतर,” सर म्हणाले. “पायरी उंच आहे.”

सर शिपायालाही अहोजाहो करतात. मी वळून बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची नजर खाली होती. ती पहिल्या पायरीवर आली, थोडी थांबली, दुसऱ्या पायरीवर आली, आणि मग त्यांनी दार सोडलं.